काँगोचे धबधबे आणि लोहमार्ग

नकाशावर एखाद्या मोठ्या नदीची निळी रेघ पाहिली, म्हणजे ती समुद्रापासून देशाच्या पोटांत शिरणारी तयार वाटच आहे असें वाटतें. पण नकाशा नदीची लांबी दाखवितो, तिचे खडक दाखवीत नाहीं. पठारावरून खालीं उतरतांना नदी कोठें कड्यावरून कोसळते, कोठें अरुंद घळींतून धावते, आणि तेथें नौकेची वाट खुंटते. अशा ठिकाणीं नौका रिकामी करावयाची, माल डोक्यावर घ्यावयाचा आणि धबधब्याच्या पलीकडे दुसऱ्या नौकेंत भरावयाचा, ही रीत फार जुनी. वाफेच्या युगांत डोक्यावरचा हा माल गाडीवर चढला. लाओस देशांत मेकाँग नदीवरील खोन धबधब्यापाशीं फ्रेंचांनीं १८९३ पासून असे कांहीं मैलांचे रूळ टाकले. ब्राझीलच्या अरण्यांत मदैरा नदीच्या धबधब्यांना वळसा घालणारा सव्वादोनशें मैलांचा लोहमार्ग १९१२ सालीं पुरा झाला. परंतु ज्यानें एका अफाट प्रदेशाचें नशीब पालटलें, असा या जातीचा लोहमार्ग म्हणजे आफ्रिकेंतील काँगो नदीच्या कांठचा. त्याची हकीकत उद्बोधक आहे, आणि तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

पाण्याच्या मानानें काँगो ही जगांतील दुसरी नदी. पहिला मान ॲमेझॉनचा. तिची लांबी सुमारें २,९०० मैल. ती विषुववृत्त दोनदां ओलांडते. त्यामुळें वृत्ताच्या एका बाजूस उन्हाळा असला, तरी दुसऱ्या बाजूस पाऊस पडत असतो, आणि नदीचें पात्र बारा महिने भरलेलें राहतें. देशाच्या अंतर्भागांत आजच्या किसांगानीपासून किन्शासापर्यंत सुमारें एक हजार मैल आगबोट अडथळ्यावांचून चालते. कासाई, उबांगी यांसारख्या उपनद्या धरल्या, तर हा जलमार्ग कितीतरी हजार मैलांचा होतो. समुद्राकडूनही मातादी बंदरापर्यंत नव्वद मैल मोठीं जहाजें येतात. पण मातादी व किन्शासा यांच्यामध्यें जो सुमारें सव्वादोनशें मैलांचा पट्टा आहे, त्यांत नदी बत्तीस लहानमोठ्या धबधब्यांनीं जवळजवळ नऊशें फूट खालीं येते. घर ऐसपैस, आंगण ऐसपैस, पण दाराच्या जागीं भिंत, अशी ही निसर्गाची रचना.

ही भिंत चारशें वर्षें टिकली. पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ १४८२ सालीं काँगोच्या मुखापाशीं पोहोंचला. पुढें त्याचे लोक मातादीच्या वर येलाला येथील खडकांपर्यंत गेले, तेथें आपलीं नांवें कोरलीं आणि माघारे फिरले. १८१६ सालीं इंग्रज आरमाराचा कॅप्टन टकी याच वाटेनें चढूं लागला. धबधब्यांच्या बाजूनें कांहीं मजल मारल्यावर तापानें त्याच्या मंडळींस घेरलें, आणि तो स्वतः व त्याचे पुष्कळ सोबती त्यांत दगावले. शेवटीं वाट सांपडली ती उलट्या दिशेनें. हेन्री स्टॅन्ले हा पूर्व किनाऱ्यावरून आफ्रिका ओलांडून नदीबरोबर खालीं आला, आणि १८७७ च्या ऑगस्ट महिन्यांत बोमा येथें पोहोंचला. धबधब्यांच्या या पट्ट्यांत त्याचे कित्येक सोबती बुडाले. त्याचा अखेरचा गोरा साथीदार फ्रँक पोकॉक हाही त्यांतच गेला.

स्टॅन्लेच्या वृत्तांताकडे सर्वांत बारीक नजर होती ती बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची. १८७९ पासून त्यानें स्टॅन्लेलाच नोकरीस ठेवून धबधब्यांच्या कडेनें रस्ता पाडविला आणि वर नदीवर ठाणीं बसविलीं. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेंत गुलामांचा व्यापार मोडण्याचीं, मुक्त व्यापाराचीं आणि तेथील प्रजेच्या कल्याणाचीं आश्वासनें दिलीं गेलीं, आणि बेल्जमच्या सत्तर-ऐंशीपट मोठा मुलूख या एका व्यक्तीच्या पदरांत पडला. त्याला नांव मिळालें ‘काँगोचें स्वतंत्र राज्य’. या राज्याच्या भूमीवर लिओपोल्डनें जन्मांत पाऊल ठेवलें नाहीं.

राज्य मिळालें, पण दाराची भिंत कायम होती. आंतून हस्तिदंत खालीं येई, आणि बाहेरून कापड, बंदुका, दारूगोळा, फार काय आगबोटींचे सुटे भागसुद्धां वर जात, ते माणसांच्या डोक्यावरून. एका हमालाचें ओझें सुमारें पासष्ट पौंड, आणि वाट डोंगर-दऱ्यांची, तीन आठवड्यांची. हिशेब केला तर एक टन माल हलवावयास चौतीस-पस्तीस माणसें लागत. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेला जोसेफ कॉनरॅड १८९० सालीं याच पायवाटेनें चालत गेला. त्याला छत्तीस दिवस लागले. हमाल राजीखुषीनें मिळेनासे झाले, तेव्हां ते धरून आणण्यांत येऊं लागले. वाटेवरचीं गांवें ओस पडलीं, कारण हमालीच्या भीतीनें लोक रानांत पळून गेले. लोहमार्गावांचून काँगोची किंमत एक पेनीसुद्धां नाहीं, असें स्टॅन्ले म्हणे, त्याचा अर्थ हा.

हें काम अंगावर घेतलें आल्बेर तीस या बेल्जन लष्करी अधिकाऱ्यानें. १८८७-८८ मध्यें पाहणी झाली, आणि १८८९ च्या जुलै महिन्यांत अडीच कोटी फ्रँक भांडवलाची कंपनी निघाली. त्यांतील एक कोटी बेल्जन सरकारनें घातले. १८९० च्या मार्चमध्यें मातादी येथें कुदळ पडली. खर्च वांचावा म्हणून रुळांमधील अंतर सुमारें अडीच फूट ठेवलें होतें. याच दशकांत, १८९७ सालीं, आपल्याकडे सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचें मापही तेवढेंच. बार्शीची गाडी मात्र सपाट मुलुखांतून धांवली, आणि काँगोच्या गाडीला मातादी सोडतांच परीक्षा द्यावी लागली. प्रथम नदीच्या कड्याला चिकटून खडक फोडावयाचा, मग म्पोझो नदीची घळ ओलांडावयाची, आणि लगेच पालाबालाचा डोंगर चढावयाचा. पहिले चौदा मैल पुरे करण्यास तीन वर्षें गेलीं. भांडवल आटलें, आणि हें काम पुरें होणार नाहीं असें खुद्द ब्रुसेल्समध्यें लोक बोलूं लागले. अखेर खर्च सहा कोटी फ्रँकांच्या वर गेला.

पैशाचा हिशेब असा लागतो. माणसांचा लावणें कठीण. ताप, हगवण, अपुरें व निकस अन्न आणि सुरुंगाचे अपघात यांनीं मजूर झपाट्यानें मरूं लागले. आसपासची वस्ती तर हमालीच्या धाकानें आधींच पळालेली. मग झांझिबार, सिएरा लिओन, सेनेगाल अशा दूरदूरच्या ठिकाणांहून मजूर भरले. १८९२ सालीं वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटांतून कांहींशें माणसें आणलीं. आपल्याला भलत्याच ठिकाणीं नेत आहेत अशी त्यांची समजूत होती. बोमा येथें जहाज लागतांच आपण काँगोंत आलों हें त्यांना कळलें, आणि तीं बिथरलीं. शिपायांनीं गोळ्या झाडल्या, त्यांत दोघे ठार झाले. उरलेल्यांना कामावर नेलें. त्याच वर्षीं हाँगकाँग व मकाव येथून पांचशेंवर चिनी मजूर आले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकतर मेले, नाहींतर रानांत पळाले. त्या पळालेल्यांपैकीं कांहीं जण पुढें पांचशें मैलांहून अधिक आंत सांपडले. उगवत्या सूर्याकडे चालत राहिलें, म्हणजे पूर्वेचा समुद्र लागेल आणि त्याच्या पलीकडे आपला देश, एवढाच त्यांचा भूगोल होता.

सरकारी आंकड्याप्रमाणें या कामावर १३२ गोरे आणि १,८०० काळे व इतर वर्णांचे लोक मेले. दुसरा आंकडा फार कमी धरला आहे, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. दर स्लीपरमागें एक काळा माणूस आणि तारेच्या दर खांबामागें एक गोरा, अशी म्हणच त्या प्रदेशांत पडली. म्हण म्हणजे कांहीं हिशेब नव्हे. पण लोकांनीं तो मार्ग कोणत्या मापानें मोजला, हें तिच्यावरून कळतें.

१८९८ च्या मार्चमध्यें पहिलें एंजिन वरच्या कांठाला पोहोंचलें, आणि जुलैंत युरोपांतील पाहुण्यांच्या उपस्थितींत समारंभ झाला. सुमारें २४० मैलांचा मार्ग, आणि त्यावर शंभराला एक कमी इतके लोखंडी पूल. तीन आठवड्यांची वाट दोन दिवसांवर आली. तीस टन माल ओढणारी एक लहानशी गाडी निघाली, कीं हजारावर हमालांचें काम होई. धबधब्यांच्या कडेची ती भयंकर पायवाट लवकरच गवतांत बुजून गेली. हें श्रेय लोहमार्गाला दिलेंच पाहिजे.

पण डोक्यावरून उतरलेलें तें ओझें गेलें कोठें? युरोपांत व अमेरिकेंत सायकली व मोटारी वाढल्या, तशी रबराला मागणी आली, आणि काँगोच्या अरण्यांत रबराच्या वेली माजलेल्या होत्या. रबर करादाखल सक्तीनें वसूल करण्याची पद्धत लोहमार्गापूर्वींच सुरू झाली होती. ठरलेलें रबर आलें नाहीं, तर बायका ओलीस धरावयाच्या, गांव जाळावयाचें, आणि झाडलेल्या काडतुसाचा हिशेब म्हणून मेलेल्याचा, कधीं कधीं जिवंताचाही, हात तोडून आणावयाचा, अशी ती वसुली होती. मात्र ती किती वाढावी याला पायवाटेची मर्यादा होती. १८९० सालीं रबराची निर्यात शंभर-सव्वाशें टन होती. १९०१ सालीं ती सहा हजार टनांवर गेली. सहा हजार टन म्हणजे दोन लाखांवर ओझीं. लोहमार्गानें हा बांध फोडला. मातादीच्या वाटेवरचा हमाल सुटला आणि हजार मैलांवरील रानांतला माणूस त्या ओझ्याखालीं आला.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानांत घेण्याजोगी आहे. आंतील मुलुखाचा जवळजवळ सारा व्यापार आतां एकाच अरुंद वाटेनें, एकाच बंदरांतून होऊं लागला. आणि जें एका दारांतून जातें-येतें, तें मोजतां येतें. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनींतील कारकून एडमंड मोरेल हा कामानिमित्त अँटवर्पच्या धक्क्यावर जात असे. काँगोहून येणारीं जहाजें रबर व हस्तिदंत यांनीं भरलेलीं असत, पण परत जातांना त्यांत व्यापाराचा माल फारसा नसे. असत ते शिपाई, बंदुका आणि काडतुसें. घेतलेल्या मालाचा मोबदला त्याच दारानें आंत जात नसेल, तर तो माल विकत घेतलेला नाहीं, असें अनुमान या हिशेबनिसानें काढलें. त्यानें १९०१ सालीं नोकरी सोडली व लेखणी हातीं घेतली. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट हा १९०३ सालीं आंतील मुलूख हिंडून आला, आणि त्याचा अहवाल दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांनीं घेतलेलीं छायाचित्रें सभांतून दाखविण्यांत आलीं. लोकमताच्या या दाबापुढें लिओपोल्डला हार खावी लागली, आणि १९०८ च्या नोव्हेंबरांत त्याचें खासगी राज्य बेल्जमच्या पार्लमेंटच्या ताब्यांत गेलें.

इतकें झाल्यावर पुढचें काम तरी निराळ्या रीतीनें व्हावयास पाहिजे होतें. पण १९२१ ते १९३४ या काळांत फ्रेंचांनीं याच धबधब्यांना दुसऱ्या कांठानें वळसा घालून ब्राझाव्हिलपासून समुद्रापर्यंत सव्वातीनशें मैलांचा लोहमार्ग बांधला, आणि त्यांत सक्तीचे हजारों मजूर मेले. बेल्जनांनींही १९२३ ते १९३२ च्या दरम्यान आपला मार्ग साडेतीन फुटी केला, तोही पुष्कळसा सक्तीच्या मजुरीनेंच. १९६० सालीं काँगो स्वतंत्र झाला, आणि १९६६ सालीं लिओपोल्डव्हिलचें नांव किन्शासा झालें. ज्या पाण्यानें चारशें वर्षें वाट अडविली, त्याच्याच जोरावर इंगा येथें १९७२ व १९८२ सालीं दोन मोठीं वीजघरें उभीं राहिलीं.

या लोहमार्गाच्या स्मरणार्थ बेल्जन अमदानींत तीन हमालांचा एक पुतळा उभारण्यांत आला. एक जण डोक्यावर पेटी घेऊन उभा आहे, आणि दोघे थकून खालीं कोसळले आहेत. लोहमार्गानें यांना ओझ्यांतून सोडविलें, अशा अर्थाचा लेख त्याखालीं होता. धबधब्यांच्या कांठच्या सव्वादोनशें मैलांपुरतें पाहिलें, तर तो लेख खरा होता. ओझें उतरल्याचा आनंद मानण्यापूर्वीं तें पुढें कोणाच्या डोक्यावर चढलें याची चौकशी करावी, एवढें शिकविण्यास मात्र त्या शिळेवर जागा उरली नव्हती.