सामायिक दस्तऐवजासाठी ऑनलाइन साधन निवडताना

एकाच दस्तऐवजावर अनेकांना आपापल्या ठिकाणाहून, एकाच वेळी काम करू देणारी ऑनलाइन साधने आता संस्थांच्या कारभारात रुळली आहेत. मंडळाचा वार्षिक अहवाल, स्मरणिकेचा मसुदा, सभेचे इतिवृत्त अशी कामे गुगल डॉक्स, मायक्रोसॉफ्ट वर्डची ऑनलाइन आवृत्ती किंवा ओपन सोर्स इथरपॅड यांवर करता येतात. साधन ठरवताना खर्च आणि सवय पाहिली जाते. दृष्टिहीन सभासदाला ते वापरता येईल का, हा प्रश्न बहुधा मागाहून निघतो. तोवर मसुदा पुढे गेलेला असतो आणि त्या सभासदाच्या वाट्याला तयार मजकूर ऐकून संमती देणे एवढेच उरते.

सुगम्यतेचे निकष

दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. विंडोज संगणकावर मोफत मिळणारा एनव्हीडीए, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि ॲपलच्या उपकरणांवर व्हॉइसओव्हर ही त्याची परिचित उदाहरणे. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या अनेकांची भिस्त माउसऐवजी कळफलकावर असते. अल्पदृष्टी असलेल्यांना मोठी अक्षरे आणि स्पष्ट रंगभेद लागतो.

या गरजांसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मार्गदर्शक तत्त्वे आखली आहेत. त्यांची २.० आवृत्ती २००८ मध्ये, २.१ आवृत्ती २०१८ मध्ये आणि २.२ आवृत्ती २०२३ मध्ये आली. ए, एए आणि एएए अशा तीन स्तरांपैकी एए हा स्तर सर्वसाधारणपणे प्रमाण मानला जातो. त्यानुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, कामे कळफलकावरून करता यावीत आणि कोणतीही माहिती केवळ रंगावरून कळणारी नसावी.

वाचता येणे पुरेसे नाही

सामायिक संपादनात मजकूर सतत हलत असतो. कोण काय बदलत आहे, टिप्पणी कुठे आहे, सुचवलेली दुरुस्ती कोणती, हेही कळावे लागते. इथरपॅडमध्ये प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगाने दाखवला जातो. रंग न दिसणाऱ्याला त्या खुणेचा उपयोग नाही. गुगल डॉक्समध्ये स्क्रीन रीडरची सोय आधी सुरू करावी लागते. विंडोजवर त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि झेड या कळा एकत्र दाबतात. वर्डमध्ये दस्तऐवजाची सुगम्यता तपासण्याची सोय ‘रिव्ह्यू’ विभागात आहे.

मराठी मजकुराची आणखी एक अट आहे. तो युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधील देवनागरी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात. स्क्रीन रीडरमधून मात्र निरर्थक अक्षरमालिका ऐकू येते.

निर्णयापूर्वीची चाचणी

कंपनीचे दावे वाचण्याबरोबरच संबंधित सभासदाला सोबत घेऊन, त्याच्याच उपकरणावर पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

• दुवा उघडून लॉगिन करणे. चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट असल्यास दुसरा पर्याय आहे का, हे पाहावे.
• एका शीर्षकावरून दुसऱ्यावर थेट जाणे.
• टिप्पणी शोधणे, तिला उत्तर देणे, सुचवलेला बदल स्वीकारणे किंवा नाकारणे.
• दुसरी व्यक्ती टाइप करत असताना आपले लिहिण्याचे स्थान न गमावता लिहिणे.
• केवळ कळफलकाने प्रत्येक चौकटीत शिरणे आणि बाहेर पडणे.

यांपैकी एखादी गोष्ट अडली, तर त्या साधनावर तो सभासद सहलेखक राहू शकत नाही. अशा वेळी वर्डची फाइल ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू ठेवून ईमेलने एकामागून एक फिरवावी. याला वेळ अधिक लागतो, पण प्रत्येकाचा हात मसुद्याला लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानली. छोट्या संस्थांनी मात्र कायद्याच्या बडग्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिला मसुदा उघडण्यापूर्वी ही चाचणी करणे त्यांच्या हाती आहे.