हवाप्रवेश मार्ग, टर्बोचार्जरयुक्त एंजिनाचा

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात बाहेरील हवा पोहोचविणाऱ्या साधनांच्या मालिकेस हवाप्रवेश मार्ग म्हणतात. हवा घेण्याचे तोंड, गाळणी, नळ्या, संपीडक, इंटरकूलर या नावाने ओळखला जाणारा हवाशीतक, हवेचे प्रमाण नियंत्रित करणारी झडप आणि सिलिंडरांना हवा वाटून देणारी शाखानलिका ही त्याची प्रमुख अंगे होत. एंजिनाची शक्ती वाढविण्याचा इतिहास हा बव्हंशी या मार्गाच्या सुधारणेचा इतिहास आहे. मार्गातील एक अडथळा दूर केला की, पुढचा अडथळा उघड होतो, हे या इतिहासात वारंवार दिसून येते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शक्तिमान एसयूव्ही मोटारगाड्यांच्या हवाप्रवेश मार्गात मालक स्वतः फेरबदल करून घेऊ लागले. या फेरबदलांचे मोलही याच इतिहासाच्या आधारे ठरविता येते.

मूलतत्त्व : एंजिनाची शक्ती इंधनावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः इंधन हवे तेवढे पुरविता येते. मर्यादा पडते ती हवेची. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सु. १४·७ पट हवा लागते. घनफळात सांगावयाचे, तर एक लि. पेट्रोल जाळण्यास सु. ९,००० लि. हवा खर्ची पडते. दोन लि. क्षमतेचे चार धावी एंजिन मिनिटास ३,००० फेऱ्या करीत असता तत्त्वतः मिनिटास ३,००० लि. हवा ओढते. ही हवा आत ढकलली जाते ती केवळ वातावरणाच्या दाबामुळे. दट्ट्या खाली गेल्याने तिच्यासाठी फक्त जागा निर्माण होते. त्यामुळे गाळणीत वा नळीत जेवढा दाब गमावला जाईल, जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात शक्ती घटते. एंजिनाचा आकार न वाढविता अधिक शक्ती मिळवावयाची असेल, तर हवा दाबून आत भरणे हा उपाय होय. यास अधिभरण म्हणतात. संपीडक एंजिनाच्या भुजादंडावर चालत असल्यास त्यास सुपरचार्जर आणि निष्कास वायूंच्या टरबाइनावर चालत असल्यास टर्बोचार्जर म्हणतात.

प्रारंभीचे प्रयत्न : अधिभरणाची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. गोटलीप डाइमलर यांनी १८८५ च्या जर्मन एकस्वातच सिलिंडरात पंपाने जादा हवा भरण्याची योजना मांडली होती. तत्पूर्वी १८६० मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी दोन पाळ्यांचा हवापंप तयार केला होता. मूळ उपयोग वेगळा असलेला हा पंप पुढे मोटारगाड्यांवर सुपरचार्जर म्हणून बसविण्यात आला. तथापि सुपरचार्जर चालविण्यास एंजिनाचीच काही शक्ती खर्च होते. याउलट निष्कास वायूंबरोबर बरीच ऊर्जा वाया जाते. तिचा उपयोग करून घेण्याचा मार्ग आल्फ्रेट ब्यूखी या स्विस अभियंत्यांनी १९०५ च्या एकस्वात दाखवून दिला. ही कल्पना व्यवहारात उतरण्यास वीस वर्षे लागली. १९२० नंतरच्या दशकात ‘प्रॉयसेन’ व ‘हान्सेश्टाट डान्सिख’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांस टर्बोचार्जर जोडण्यात आले, तेव्हा त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली.

विमानविद्येतील विकास : हवेची खरी टंचाई भासली ती विमानांना. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि एंजिन दुबळे पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी विमानाच्या एंजिनास टर्बोचार्जर जोडून पाहिला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी एंजिन व टर्बोचार्जर कोलोरॅडोतील पाइक्स पीक या ४,३०२ मी. उंचीच्या शिखरावर नेऊन चाचणी घेतली. तेथे वातावरणाचा दाब सपाटीच्या सु. ६० टक्केच असतो. तरीही टर्बोचार्जरच्या साहाय्याने एंजिनाने सु. ३५० अश्वशक्ती, म्हणजे सपाटीवरील शक्तीइतकीच शक्ती दिली.

संपीडक चांगला असून भागत नाही, त्याकडे जाणारी वाटही मोकळी असावी लागते, याचा वस्तुपाठ रोल्स-रॉइसच्या मर्लिन एंजिनाने घालून दिला. १९३८ मध्ये या कंपनीत आलेले गणिती स्टॅन्ली हूकर यांनी मर्लिनच्या सुपरचार्जरचा अभ्यास केला. एंजिनाच्या मागील बाजूस जागा कमी असल्याने सुपरचार्जरकडे हवा नेणारी नळी आवळल्यासारखी झाली होती. हूकर यांनी तिचा आकार बदलून प्रवाह सुरळीत केला, तसेच पंखचक्र व त्यापुढील विसारक यांतही सुधारणा केल्या. परिणामी एंजिन आपली महत्तम शक्ती ज्या उंचीवर देत असे, ती सु. ४,९०० मी. वरून सु. ५,८०० मी. च्या वर गेली. एंजिनाचे घनफळ मात्र तेवढेच राहिले. १९४१ मध्ये जर्मनीचे फॉके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान अवतरले, तेव्हा ब्रिटिश स्पिटफायर विमाने मागे पडली. दोन टप्प्यांचा सुपरचार्जर व हवाशीतक असलेले मर्लिन ६१ एंजिन बसविलेली स्पिटफायर ९ विमाने १९४२ मध्ये आघाडीवर आली आणि ही उणीव भरून निघाली.

याच युद्धात मोकळ्या वाटेची दुसरी बाजूही प्रत्ययास आली. उत्तर आफ्रिकेतील वाळू एंजिनात जाऊन सिलिंडर झिजवू लागली, म्हणून स्पिटफायर ५ विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीची मोठी गाळणी बसविण्यात आली. तिने एंजिन वाचले, पण विमानाचा वेग घटला. तेव्हा ईजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्ती तळावर अधिक आटोपशीर गाळणी तयार करण्यात आली. हवा मोकळी हवी की स्वच्छ हवी, हा प्रश्न तेव्हापासून अभियंत्यांपुढे कायम राहिला आहे.

मोटारगाड्यांतील प्रवेश : टर्बोचार्जर असलेल्या प्रवासी मोटारगाड्या प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आल्या. ओल्डस्मोबील जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या त्या गाड्या होत. जेटफायरमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेमुळे होणारे अकाली ज्वलन टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सिलिंडरांकडे फवारले जाई. ते वेळोवेळी भरण्याची यातायात ग्राहकांना रुचली नाही आणि गाडीचे उत्पादन १९६३ मध्ये थांबले. या अपयशाच्या मुळाशी उष्णतेचाच प्रश्न होता.

हवा दाबली की तापते. २७° से. तपमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तपमान सु. १२०° से. होते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही घनता केवळ दीडपट होते. हीच हवा पुढे ५०° से. पर्यंत थंड केल्यास घनता सु. १·८६ पट होते. पोर्शे ९११ टर्बो ही गाडी १९७४ मध्ये प्रदर्शित झाली, तेव्हा तीत हवाशीतक नव्हता. १९७८ च्या नमुन्यात एंजिन ३ लि. वरून ३·३ लि. करून हवाशीतक बसविण्यात आला आणि शक्ती २६० वरून ३०० अश्वशक्ती झाली. दरम्यान स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये दाखविलेल्या साब ९९ टर्बोत जादा निष्कास वायू टरबाइनाला वळसा घालून सोडणारी झडप वापरून टर्बोचार्जर रोजच्या वापरास अनुकूल केला.

शर्यती व नियमने : एंजिनाला किती हवा मिळते यावरच त्याची शक्ती ठरते, हे शर्यतींच्या नियामकांनीही ओळखले. रेनॉने १९७७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत १·५ लि. चे टर्बोचार्जरयुक्त एंजिन उतरविले आणि १९७९ मध्ये दीझाँ येथे ३ लि. च्या साध्या एंजिनांवर मात केली. काही वर्षांतच या एंजिनांची शक्ती इतकी वाढली की, १९८७ व १९८८ मध्ये दाबावर मर्यादा घालण्यात आली आणि १९८९ पासून टर्बोचार्जरवर बंदी आली; ती एंजिने २०१४ मध्ये १·६ लि. च्या रूपात परत आली.

रॅली शर्यतींत निराळा उपाय योजला गेला. टर्बोचार्जरच्या तोंडाशी ठराविक व्यासाचे कडे बसविणे बंधनकारक झाले. १९९५ मध्ये जागतिक रॅली शर्यतींत हा व्यास ३४ मिमी. होता. कड्यातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की, पुढे कितीही ओढ लावली तरी सेकंदास सु. ०·२२ किग्रॅ. हून अधिक हवा जाऊ शकत नाही आणि शक्ती ३०० अश्वशक्तीच्या आसपास अडते. त्याच वर्षी टोयोटाच्या सेलिका गाड्यांत कड्याला वळसा घालून हवा आत घेणारी चतुर योजना आढळून आली. कडे सुटे करून तपासले असता ती लक्षात येऊ नये, अशी तिची रचना होती. टोयोटा संघाचे त्या वर्षीचे गुण काढून घेण्यात आले आणि त्यास बारा महिन्यांची बंदी झाली.

एसयूव्ही गाड्या व मालकांनी केलेले फेरबदल : उंच बांधणीच्या जड गाडीला टर्बोचार्जरद्वारे वेगवान करण्याचा आरंभीचा ठळक प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील जीएमसी टायफून (१९९२-९३) ही गाडी होय. तिचे ४·३ लि. चे एंजिन २८० अश्वशक्ती देई. २००२ मध्ये आलेल्या पोर्शे कायेन टर्बोत दोन टर्बोचार्जर व ४५० अश्वशक्तीचे ४·५ लि. चे एंजिन होते. भारतात टाटा सफारी (१९९८, पुणे) व महिंद्र स्कॉर्पिओ (२००२, नासिक) या गाड्यांनी टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिन एसयूव्हीच्या ग्राहकांत रुळविले, तेथे मात्र भर वेगापेक्षा ओढण्याच्या ताकदीवर होता.

अशा गाड्यांसाठी मूळ कागदी गाळणी व तिची पेटी काढून मोठी शंक्वाकार गाळणी, रुंद नळी किंवा मोठा हवाशीतक बसविण्याचे संच तयार मिळू लागले. त्यांचा लाभ एंजिनाच्या नियंत्रण पद्धतीवर अवलंबून असतो. साध्या एंजिनात गाळणीतील दाबऱ्हास ५ टक्के कमी झाल्यास हवा जवळजवळ तेवढीच वाढते. टर्बोचार्जरयुक्त एंजिनात मात्र संगणकीय नियंत्रक ठरलेला दाब राखतो. मार्गात ५ टक्के दाब गेला, तर हवा दुप्पट दाबापर्यंत नेण्यासाठी संपीडकाला ती सु. २·१ पट दाबावी लागते एवढेच. त्यामुळे नियंत्रकातील आकडे न बदलता केवळ मार्ग मोकळा केल्यास संपीडकाचे श्रम व हवेचे तापणे थोडे कमी होते, दाब किंचित लवकर चढतो, पण महत्तम शक्तीत फारशी भर पडत नाही. दाब वाढविला असेल, संपीडक आपल्या मर्यादेजवळ पोहोचला असेल किंवा गाडी उंच प्रदेशात चालत असेल, तेव्हाच मोकळा मार्ग खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. आवाज वाढल्याने शक्ती वाढल्याचा भास होतो, तो वेगळा.

तपमानाचा विचारही महत्त्वाचा आहे. उघडी गाळणी एंजिनाशेजारची तप्त हवा ओढते आणि हवा १०° से. ने अधिक गरम असल्यास तिची घनता सु. ३ टक्के घटते. म्हणून गाडीच्या पुढील भागातून थंड हवा आणणारी बंदिस्त नळी अधिक योग्य ठरते. तथापि तिचे तोंड फार खाली आणल्यास पावसाळ्यात साचलेले पाणी आत ओढले जाण्याचा धोका असतो. पाणी दाबले जात नसल्याने दट्ट्याचा दांडा वाकतो व एंजिन निकामी होते. एसयूव्ही गाड्यांत हे तोंड मुद्दाम उंच ठेवलेले असते, ते याचसाठी.

गाळणीमागे हवेचे वजन मोजणारी तप्त तारेची वा पातळ पटलाची मापनी असल्यास नळीचा व्यास बदलणे घातक ठरू शकते. मापनी एका बिंदूपाशी हवेचा मारा मोजते आणि नळीचे क्षेत्रफळ गृहीत धरून एकूण हवा काढते. नळी रुंद झाली की, ती हवा कमी दाखविते. इंधन कमी पडून ज्वलन तप्त होते. तेलात भिजविलेल्या सुती गाळणीला तेल जास्त झाल्यास ते मापनीवर बसते, तर जाळी विरळ असल्यास धूळ आत जाऊन संपीडकाची पाती व सिलिंडर झिजतात. उत्तर आफ्रिकेतील विमानांचा अनुभव येथेही लागू पडतो.

कायद्याची बंधनेही आहेत. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करू शकणारे असे भाग बसविण्यापूर्वी त्यांना राज्याच्या हवा संसाधन मंडळाची सूट मिळालेली असावी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळा ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे हवा, इंधन व निष्कास यांचे नियंत्रण परस्परांशी अधिकच घट्ट जोडले गेले आहे.

मूल्यमापन : हूकर यांनी नळीचा आकार बदलला, तो प्रवाहाच्या चाचण्या घेऊन व अडथळा नेमका कोठे आहे हे निश्चित करून. हवाप्रवेश मार्गातील कोणत्याही सुधारणेस हीच कसोटी लागू पडते. पूर्ण भाराखाली गाळणीच्या आधी व नंतरचा दाब, तसेच शीतकाच्या आधी व नंतरचे तपमान मोजल्यास अडथळा कोठे आहे ते कळते. तो गाळणीत नसेल, तर गाळणी बदलून शक्ती वाढत नाही. उलट स्वच्छ हवेची हमी मात्र कमी होण्याचा संभव असतो.