मतदार यादी आणि अठराव्या वर्षाचे मत

1935च्या भारत सरकार कायद्याखाली मतदार व्हायला वय पुरेसे नव्हते. जमीन, शेतसारा, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असावे लागे. त्यामुळे 1937च्या प्रांतिक निवडणुकांत ब्रिटिश हिंदुस्थानातील जेमतेम साडेतीन कोटी लोकांना मत होते. ही चौकट मोडण्याची मागणी त्याआधीपासूनची होती. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी सैल करण्याचा आग्रह धरला आणि 1928 साली सायमन कमिशनपुढे थेट प्रौढ मताधिकार मागितला. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालाने 21 वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत असावे अशी शिफारस केली.

स्वतंत्र भारताची राज्यघटना लिहून पूर्ण होण्यापूर्वीच तिच्या मतदारांची यादी बनू लागली होती. ही गोष्ट शालेय पुस्तकांत क्वचितच येते, आणि ती यायला हवी. घटना सभेच्या सचिवालयाने, घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली, 1947च्या अखेरीपासून या कामाचा विचार सुरू केला. मार्च 1948मध्ये प्रांतांना व संस्थानांना प्राथमिक याद्या तयार करण्याच्या सूचना गेल्या. मताची मागणी घेऊन लोकांनी कचेरीत जावे अशी अपेक्षा नव्हती. गावपातळीवरच्या सरकारी नोकरांनी घरोघर फिरून 21 वर्षांवरील प्रत्येकाचे नाव लिहून घ्यायचे होते. फाळणीमुळे लाखो माणसे रस्त्यावर आणि छावण्यांत होती. त्यांना अमुक काळ एका जागी राहिल्याचा पुरावा कुठून देता येणार? तेव्हा त्या गावात किंवा शहरात कायम राहण्याचा इरादा लिहून दिला तरी निर्वासितांचे नाव घ्यावे, असे ठरले.

यादीतून माणसे गाळलीही जात होती. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने परक्या ठरवलेल्यांची नावे वगळण्याचे प्रकार घडत असल्याचे आंबेडकरांनी जून 1949मध्ये घटना सभेत सांगितले, आणि याद्यांवर देखरेख करणारा निवडणूक आयोग केंद्रीय व स्वतंत्र असावा यासाठी तेच प्रमुख कारण दिले. 25 जानेवारी 1950 रोजी आयोग स्थापन झाला. सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादीत सुमारे 17 कोटी 30 लाख नावे होती. मात्र जवळपास 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच ओळख नोंदवली होती. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत हे प्रमाण मोठे होते. सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला आणि ती नावे गळाली. निर्णय त्या वेळी कठोर वाटला, पण पुढच्या निवडणुकांपर्यंत स्त्रियांची नावे त्यांच्याच नावाने यादीत येऊ लागली.

वयाचा प्रश्न मात्र 21 वरच थांबून राहिला. ब्रिटनने 1969 साली आणि अमेरिकेने 1971 साली मतदानाचे वय 18 केले. भारतात विद्यार्थी आंदोलने भरात असताना जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, मूळचे सासवडचे व्ही. एम. तारकुंडे तिचे अध्यक्ष होते. वय 18 करावे ही त्या समितीच्या 1975च्या अहवालातील एक शिफारस होती. तिला मूर्त रूप यायला आणखी तेरा वर्षे लागली. डिसेंबर 1988मध्ये राजीव गांधी सरकारने मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी एका आठवड्याच्या आत मंजूर केले. आजचे तरुण साक्षर व सजग आहेत आणि काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी 18 हे वय आधीच स्वीकारले आहे, असे कारण विधेयकासोबत दिले होते. राज्यांच्या संमतीनंतर 61वी घटनादुरुस्ती 28 मार्च 1989 रोजी अंमलात आली. 1984-85मध्ये सुमारे 40 कोटी असलेली मतदारसंख्या 1989च्या लोकसभा निवडणुकीत 50 कोटींच्या घरात गेली. गोव्यात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तर महाराष्ट्रात फेब्रुवारी 1990मध्ये विधानसभेसाठी अठरा वर्षांच्या मतदारांनी प्रथमच मत दिले.

मताचा अधिकार मिळाला त्याच सुमारास महाराष्ट्राने महाविद्यालयांतील निवडणुका बंद केल्या. मारामाऱ्या आणि एका विद्यार्थी नेत्याचा खून ही त्याची पार्श्वभूमी होती. 1994च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली. 2016च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, तरी निवडणुका प्रत्यक्षात पुढेच ढकलल्या गेल्या. हिंसा थांबवणे गरजेचे होते, पण उमेदवारी, प्रचार, मतमोजणी आणि पराभव यांचा सराव देणारी जागाही त्याबरोबर गेली. ते नुकसान मोठे होते.

यादीच्या यंत्रणेत या काळात बरेच बदल झाले. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत 1993पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र आले. पुढे यादीतही छायाचित्रे आली आणि प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, नेमला जाऊ लागला. नवीन नावासाठी नमुना क्रमांक 6 भरायचा, प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की दावे-हरकती द्यायच्या, गावात यादीचे चावडी वाचन ऐकायचे, ही पद्धत रुळली. 2011पासून आयोगाच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी नव्या मतदारांना ओळखपत्रे दिली जातात. शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळेही निघाली.

खरी अडचण मात्र अर्हता दिनांकाची होती. वर्षाच्या 1 जानेवारीला 18 पूर्ण झालेल्यांचेच नाव त्या वर्षीच्या यादीत येत असे. 2 जानेवारी 2001 रोजी जन्मलेल्या मुंबईकर तरुणीला 2019च्या लोकसभेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील विधानसभेलाही मत नव्हते. लोकसभेसाठी तिचे पहिले मत वयाच्या तेविसाव्या वर्षी पडले. डिसेंबर 2021च्या कायदादुरुस्तीने 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा केल्या. त्या ऑगस्ट 2022पासून लागू झाल्या, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करण्याची सोयही झाली. 2024च्या महाराष्ट्र विधानसभेपूर्वी 1 जुलै ही तारीख धरून यादीचे विशेष पुनरीक्षण झाले. गेल्या तीस वर्षांत तरुण मतदारांसाठी झालेली ही सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणावी लागेल, कारण ती तरुणांना उपदेश करत नाही, त्यांच्या वाटेतला अडसर काढते.

तरीही फेब्रुवारी 2024च्या सुमारे 96.88 कोटी नावांच्या यादीत 18-19 वयोगटातील मतदार 1.85 कोटींच्या आसपास होते. 2014मध्ये हाच आकडा 2.3 कोटींच्या वर होता. लोकसंख्येच्या अंदाजांशी ताडून पाहिले, तर 2024मध्ये या वयाच्या दहांपैकी चारांपेक्षा कमी जणांचे नाव यादीत होते. याचे मोठे कारण पत्त्यात आहे. यादी राहत्या घरावर उभी आहे, आणि याच वयात मुले घर सोडतात. लातूर-नांदेडहून पुण्याला शिकायला आलेल्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर किंवा आईवडिलांच्या घरी, कुठेही एका ठिकाणी नाव नोंदवता येते. वसतिगृहासाठी संस्थाप्रमुखाचा दाखला चालतो. भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहणाऱ्यांकडे मात्र बहुधा ना भाडेकरार असतो ना वीजबिल, म्हणून त्यांचे नाव गावीच राहते किंवा कुठेच येत नाही. स्थलांतरितांना राहत्या शहरातून मत देता यावे यासाठी आयोगाने जानेवारी 2023मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना राजकीय पक्षांपुढे मांडला होता. त्यावर एकमत झाले नाही, आणि नाव ज्या केंद्राच्या यादीत आहे तिथेच जाऊन मत देण्याचा नियम स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी कायम राहिला.