वाट कोणाची, चूक कोणाची?

वडगाव मावळचा अभ्यासक म्हटला की लोक १७७९ची लढाई विचारतात. मी मात्र गेली काही वर्षे गावाला लागून जाणाऱ्या रुळांचा अभ्यास करतो आहे. कारण घरगुती आहे. शाळेत जाताना आम्ही मुले रूळ ओलांडत असू. त्यातला एकजण पुढे तिथेच गाडीखाली गेला. पंचनामा झाला, 'चूक त्याचीच' म्हणून विषय मिटला. मीही तेव्हा तेच म्हटले होते.

खंडाळा ते पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. गावे, शिवारे, पाणवठे त्याच्या आधीपासून होते. १८९०च्या रेल्वे कायद्याला याची जाण होती. लोहमार्गामुळे जमिनीच्या वापरात खंड पडत असेल, तर ओलांडायच्या वाटा, पूल, मोऱ्या रेल्वेने करून द्याव्यात, असे त्याचे ११वे कलम सांगते. मेख पोटकलमात आहे. मार्ग खुला होऊन १० वर्षे उलटली, की वाढीव कामांचा खर्च उचलण्याची सक्ती रेल्वेवर सहसा राहत नाही. मावळात ही मुदत १८६८ सालीच, म्हणजे हा कायदा होण्याच्या २२ वर्षे आधी संपली होती. पुढे गावे वाढली, गाड्या वाढल्या. १९८९च्या कायद्यात १६व्या कलमात ती मुदत तशीच राहिली. रूळ ओलांडणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड सांगणाऱ्या १४७व्या कलमाला मात्र मुदत नाही.

नुकसानभरपाईचेही तसेच. १९९४मध्ये आलेल्या १२४-अ कलमानुसार गाडीतून पडून मेलेल्या प्रवाशाच्या वारसांना रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. २०१७पासून ही रक्कम ८ लाख आहे. प्रवाशाचा निव्वळ निष्काळजीपणा दाव्याच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी खटल्यात २०१८मध्ये स्पष्ट केले. त्याच रुळांवर पायी जाणारा मेला, तर हे कलम त्याच्यासाठी नाही. म्हणून प्रेत सापडले की पहिला प्रश्न येतो: पडला, की ओलांडत होता?

इंग्लंडमध्ये १९७२ साली हेरिंग्टन खटल्यात मोडक्या कुंपणातून रुळांवर गेलेल्या ६ वर्षांच्या मुलाच्या बाजूने निकाल लागला. रुळांवर मुले दिसल्याचे स्टेशनमास्तरला कळवले गेले होते. आगंतुकाशीही माणुसकीने वागण्याचे कर्तव्य उरते, असे तिथल्या न्यायाधीशांनी मानले. आपल्याकडे डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२मध्ये रुळांवरील अशा मृत्यूंचा आकडा वर्षाला सुमारे १५,००० दिला. त्यांतले सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावरचे. इतक्या साऱ्यांना बेफिकीर ठरवून हिशेब मिटत नाही.

पूल असताना खालून जाणाऱ्याची जबाबदारी त्याचीच. हे मी नाकारत नाही, कारण मीही तसा गेलो आहे. पण जिथे पूलच नव्हता, तिथे पंचनाम्यात एक रकाना कमी होता. वाट कोणी तोडली आणि बदली वाट कुठे आहे, हे त्यात कोणी लिहिलेच नाही. माझ्या सोबत्याच्या बाबतीत मीही विचारले नव्हते.