दाताची भूल लवकर उतरवता येते का?

दाढेचे काम करून तुम्ही घरी आलात. दुखत नाही, पण ओठ आणि जीभ अजून बधिर आहेत. लहान मुले तर अशा वेळी नकळत ओठ चावून जखम करून घेतात. काम अर्ध्या तासाचे, मग बधिरपणा काही तास का?

याचे उत्तर इतिहासात आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यासाठी कोकेनची भूल वापरली. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड यांनी जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचले. स्वतःवर प्रयोग करताना त्यांना त्याचे व्यसन जडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हाइनरिश ब्राउन यांनी भुलीत अ‍ॅड्रेनलिन मिसळले. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर टिकते. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. तुम्हाला बहुधा हेच अ‍ॅड्रेनलिनसह दिले जाते.

म्हणजे सगळी धडपड भूल टिकवण्याची होती! ती उतरवणाऱ्या फेंटोलामाइन इंजेक्शनला अमेरिकेत मान्यता मिळाली थेट २००८ मध्ये. ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि रक्त भुलीचे औषध वाहून नेते. चाचण्यांत खालच्या ओठाची संवेदना साधारण १५५ ऐवजी ७० मिनिटांत परतली.

हे इंजेक्शन सगळीकडे मिळेलच असे नाही. म्हणून भूल उतरेपर्यंत गरम चहा टाळा, मुलांवर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, तर नसेला इजा झालेली असू शकते. तिथे हे इंजेक्शन उपयोगाचे नाही. दंतवैद्यांना लगेच कळवा.