भाता, भिंग आणि दुधी काच

प्लेट कॅमेरा म्हणजे दोन लाकडी चौकटी आणि त्यांना जोडणारा कातड्याचा किंवा कापडाचा भाता. पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच, खाली पितळी पट्ट्यांवर सरकणारा पाया आणि त्याखाली तिपाई. छोट्या कॅमेऱ्यात जे यंत्र आपसूक करते ते इथे माणसाने करायचे, आणि ठरलेल्या क्रमानेच करायचे. एक पायरी चुकली की चित्र उतरवायची काच, म्हणजे प्लेट, वाया. हा क्रम मराठी मुलखात लोकांच्या हातात बसायला वेळ लागला, आणि त्यात यंत्रापेक्षा हवेनेच जास्त त्रास दिला.

सुरुवात मुंबईत झाली. ऑक्टोबर १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हिंदुस्थानातली अशी ती पहिलीच संस्था. कलकत्ता आणि मद्रास इथल्या सोसायट्या १८५६ च्या. मुंबईच्या सभासदांत इंग्रज लष्करी आणि मुलकी अधिकारी बहुसंख्य असले, तरी डॉ. भाऊ दाजी लाड सुरुवातीपासून तिथे होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार झाले. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. डॉक्टरांना ही विद्या लवकर साधली यात नवल नाही: काचेवर ओतायचे कोलोडियन हे त्या काळी जखमेवर लावायचे औषधही होते, आणि बाकी कामही बाटल्या, मोजमाप नि स्वच्छता यांचेच. याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. क्रॉफर्ड हे तिथले शिक्षक. हरिश्चंद्र चिंतामण त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला. पोटापाण्यासाठी कॅमेरा हाती घेणाऱ्या पहिल्या देशी माणसांत त्यांचे नाव येते.

कॅमेऱ्यापेक्षा अवघड होती ती काच तयार करण्याची विद्या. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेल्या ओल्या कोलोडियनच्या रीतीत काचेवर द्रव ओतून, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. इंग्लंडच्या थंडीत हाताशी दहा-एक मिनिटे मिळत. कोलोडियनमधले ईथर मात्र साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते. कोकणातल्या वैशाखात काच बुडवण्याआधीच कडांना सुकू लागे. त्यामुळे लांबच्या वाटेवर निघालेले लोक बरीच वर्षे कागदी निगेटिव्हला चिकटून राहिले. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या इमारतींची चित्रे घेण्याचे सरकारी काम आले, ते त्यांनी कागदावरच केले. कागद आधी तयार करून ठेवता येई. चित्र थोडे भरड उतरे, एवढेच. मुंबईच्या विल्यम जॉन्सन यांनी वेगळीच तोड काढली. १८६३ पासून निघालेल्या मुंबईच्या रहिवाशांवरच्या ग्रंथात त्यांनी माणसे एकीकडे टिपली आणि मागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरून जोडला. जोड ओळखू येतो, पण चित्रे आजही पाहावीशी वाटतात.

हे सगळे सामान घेऊन मुंबईबाहेर पडायचे तर जलमार्ग सोपा. महाबळेश्वरला जाणारे प्रवासी एकोणिसाव्या शतकात बोटीने अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत येत आणि तिथून पालखीने महाडच्या वाटेला लागत. भरतीच्या पाण्यावर होड्या वर येत, ओहोटीला चिखल. नागोठण्याचा जुना दगडी पूल १५८० च्या सुमाराचा. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने तो बांधल्याचे गॅझेटियर सांगते. प्लेट कॅमेऱ्याचे काम कसे चाले हे समजायला असा पूल फार सोयीचा, कारण त्यात या कॅमेऱ्याची बहुतेक सगळी अंगे वापरावी लागतात.

तिपाई काठावर रोवायची आणि पाणसळीने मागची चौकट अगदी ओळंब्यात धरायची. ती झुकली तर पुलाचे खांब चित्रात तिरके होतात. मग डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर पाहायचे: पूल उलटा, आकाश खाली, डावे ते उजवीकडे. नवख्याला हे पहिले काही दिवस छळते, पुढे ते सोयीचे वाटू लागते. ओळखीचा पूल उलटा दिसला की तो पूल न राहता नुसते आकार उरतात आणि चौकट नीट बांधता येते. पुढचा चिखल जास्त येत असेल तर कॅमेरा मान वर करून धरायचा नाही; भिंगाची फळी तेवढी वर सरकवायची.

खरी मेख पुढे आहे. काठावरून तिरके पाहिले तर पुलाचे जवळचे टोक आणि लांबचे टोक एकाच वेळी स्पष्ट होत नाहीत. जवळच्या कमानीची प्रतिमा भिंगापासून मागे सरकून पडते, लांबच्या कमानीची थोडी अलीकडे. मागची चौकट उभ्या कण्यावर किंचित वळवली की दोन्ही प्रतिमा काचेवर येतात. थिओडोर शाइम्प्फ्लुग यांनी १९०४ मध्ये या हिशेबाचे पेटंट घेतले. जुने छायाचित्रकार ते आधीपासून अंदाजाने करतच होते. आता भिंगाचे छिद्र लहान करायचे, भिंग बंद करायचे, प्लेटचा होल्डर सरकवायचा, त्याची फळी ओढायची, झाकण काढून मनात आकडे मोजायचे, झाकण घालायचे, फळी पुन्हा बसवायची. भिंग उघडे असताना फळी ओढली की काच तिथेच जळाली. या रेंगाळणाऱ्या मोजणीत अंबेचे हलते पाणी गुळगुळीत होते आणि पुलावरून चालत गेलेला माणूस चित्रातून नाहीसा होतो. जुन्या काचांना निळाच रंग जास्त लागे, म्हणून आकाश पांढरे फटक आणि जांभा दगड, कौले काळीठिक्कर उतरत.

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत मांडली आणि पुढच्या दशकात डब्यातल्या तयार काचा विकत मिळू लागल्या. ईथरची कटकट संपली, तर जिलेटिनची सुरू झाली. गरम पाण्यात ते मऊ पडते आणि काचेवरून कातडीसारखे सुटते. मग काचा पहाटे किंवा रात्री धुवायच्या, पाणी माठातले घ्यायचे आणि तुरटीच्या पाण्यात बुडवून थर घट्ट करायचा, हा आपल्याकडचा रिवाज झाला. विलायती कारखानदारांनीही सागवानी आणि पितळी पट्ट्यांनी आवळलेले खास उष्ण हवेचे कॅमेरे काढले, कारण साध्या कॅमेऱ्याचा सरस दमट हवेत सुटत असे.

आता शिकणे कॉलेजातून दुकानात आणि कारखान्यात आले. दादासाहेब फाळके १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले आणि त्यांनी छायाचित्रण नि छपाईची अंगे तिथेच आत्मसात केली. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांचे गुण ओळखल्यावर प्रयोगशाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली; पुढे गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. गावोगावच्या स्टुडिओत शिकाऊ पोराच्या हाती कॅमेरा सहसा शेवटी यायचा. आधी बाटल्या नि काचा धुणे, मग उन्हात चौकटी लावून कागद छापणे, मग निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसणे. ही पेन्सिल ज्याला साधली त्याचा स्टुडिओ चाले.

परदेशी कॅमेरे महाग होते. ती अडचण केरळातून सुटली. आलप्पुळ्यातले के. करुणाकरन वाद्ये बनवणाऱ्या घरातले. एका स्टुडिओचा फाटलेला भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आला आणि हार्मोनियमच्या भात्यावर बसलेल्या हाताने तो दुरुस्त झाला. मग १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा सागवानी कॅमेराच तयार होऊ लागला आणि देशभरातल्या स्टुडिओंत पोहोचला.

रोल फिल्म आणि पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आल्यावर ही अवजारे माळ्यावर गेली. माळ्यावरचा असा कॅमेरा आज हाती आला तर आधी भाता तपासायचा: अंधाऱ्या खोलीत आत दिवा ठेवून बाहेरून पाहिले की भोके चमकतात. कोकणच्या पावसाळ्यात भिंगात बुरशीचे जाळे धरलेले असते, तेही उजेडाकडे धरून पाहावे. जुने हाफ प्लेटचे होल्डर साडेसहा गुणिले पावणेपाच इंच काचेचे. आजची चार गुणिले पाच इंचाची फिल्म त्यांत बसत नाही. पहिल्या सरावासाठी साधा छापायचा कागद त्या मापाला कापून घालणे उत्तम. तो लाल दिव्यात हाताळता येतो, स्वस्त पडतो, आणि त्याचा वेग इतका मंद असतो की झाकण काढून मोजणे पुन्हा उपयोगी पडते. फिल्म वापरायची झाल्यास तिच्या कोपऱ्यातल्या खाचा अंधारात बोटाने चाचपाव्यात. उभी धरून खाचा वर उजवीकडे आल्या की औषधाची बाजू आपल्याकडे असते. होल्डरची फळी पांढऱ्या कडेने बाहेर म्हणजे कोरी फिल्म, काळ्या कडेने बाहेर म्हणजे चित्र घेतलेली. जवळची वस्तू टिपताना भाता भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट ताणला तर प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून वेळ चौपट द्यावा.