एसीतून कुबट वास का येतो आणि तो खरंच कसा घालवायचा?

पावसाळ्यात बाहेरून येऊन एसी सुरू करावा आणि पहिल्या दोन मिनिटांत खोलीभर कुबट वास पसरावा, हा मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातल्या बऱ्याच घरांतला अनुभव आहे. न वाळलेल्या कपड्यांची किंवा बंद कपाटाची आठवण करून देणारा हा वास थोड्या वेळानं कमी होतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. मग कोणी रूम फ्रेशनर मारतं, कोणी फिल्टरवर अत्तराचे थेंब टाकतं. मेकॅनिकला बोलावलं तर तो कधीकधी 'गॅस कमी झालाय' म्हणून काही हजारांचं बिल करून जातो. वास पंधरा दिवसांत परत येतो.

अमेरिकेतल्या एसी तंत्रज्ञांनी या वासाला 'डर्टी सॉक सिंड्रोम', म्हणजे मळक्या मोज्यांचा आजार, असं नावच ठेवलंय.

वास पाण्यामुळे येतो, गॅसमुळे नाही

एसी हवा थंड करतो, पण मुळात तो हवेतला दमटपणा काढण्यासाठी जन्माला आला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगत-आकसत होता आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नव्हता. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं बाष्प काढून घेणारी यंत्रणा आखली. घरातला स्प्लिट एसी आजही तेच करतो. आतल्या युनिटमधली कॉइल थंडगार असते, खोलीतली हवा तिच्यावरून जाते आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतात तसे थेंब तिच्यावर जमतात. हे पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि पाइपनं बाहेर जातं. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो.

म्हणजे कॉइल, ट्रे आणि हवा ढकलणारा लांबट ब्लोअर हे भाग तासन्‌तास ओले राहतात. आत अंधार असतो आणि फिल्टरमधून सुटलेली धूळ, कपड्यांचे तंतू, त्वचेचे सूक्ष्म कण, फोडणीची वाफ असं सगळं तिथे येऊन चिकटतं. बुरशी आणि जीवाणूंना आणखी काय हवं? ते वाढताना हवेत उडून जाणारी रसायनं सोडतात आणि कुबट वास त्यांचाच असतो. अशा रसायनांपैकी एक म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधातही तेच असतं. अंगणात हवाहवासा वाटणारा वास बेडरूममध्ये नकोसा होतो, एवढाच फरक! माणसाचं नाक जिओस्मिनबाबत कमालीचं तिखट आहे, त्यामुळे बुरशीचा थर डोळ्यांना दिसण्याआधीच नाकाला कळतो.

गॅसचा या सगळ्याशी संबंध नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि त्याची खूण म्हणजे खोली नीट थंड न होणं किंवा कॉइलवर बर्फ साचणं. (बर्फ नुसत्या तुंबलेल्या फिल्टरमुळेही साचतो.) गारवा नेहमीसारखा असेल आणि फक्त वास येत असेल, तर गॅस भरून घेण्याचं कारण नाही.

हा फक्त नाकाचा प्रश्न आहे का?

नाही. घरातली ओल आणि बुरशी यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाच्या तक्रारी आणि दम्याचा त्रास बळावण्याचा धोका अधिक असतो, असं त्यात म्हटलंय. एसीचा ब्लोअर बुरशीनं माखला असेल तर तिचे बीजाणू रात्रभर अंथरुणावरच्या हवेत फेकले जातात. घरात दमेकरी, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल आणि एसी लावल्यावर शिंका किंवा खोकला सुरू होत असेल, तर साफसफाई पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

'एसीमुळे लीजनेअर्स आजार होतो' असे मेसेज मात्र अर्धवट असतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्या लोकांत हा न्यूमोनिया पसरला आणि त्यावरून त्याला नाव मिळालं. त्याचा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो. मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणेत पाण्याचे कूलिंग टॉवर असतात, तिथे तो धोका खरा आहे. घरच्या स्प्लिट एसीला असा टॉवरच नसतो.

वास कधी येतो, यावरून जागा कळते

सुरू केल्यावर पहिली काही मिनिटंच कुबट वास येत असेल, तर कॉइल किंवा ब्लोअरवर थर बसलाय. आधीच्या रात्री ओली राहिलेली कॉइल दिवसभर बंद पेटीत कोंडते आणि पंखा फिरताच तो कोंडलेला वास आधी बाहेर पडतो. मधूनमधून, विशेषतः कॉम्प्रेसर थांबल्यावर वास येत असेल तरी कारण तेच. अशा वेळी पंखा ओल्या कॉइलवरून हवा ढकलत राहतो आणि तिच्यावरचं पाणी पुन्हा बाष्प होऊन खोलीत येतं. पावसाळ्यात बाहेर फारसं गरम नसतं, कॉम्प्रेसर वारंवार थांबतो, म्हणून याच दिवसांत तक्रार वाढते. खोलीच्या मानानं फार मोठा एसी बसवला असेल तर हा त्रास बारा महिने राहू शकतो, कारण तो चटकन गारवा देऊन थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो.

वास गटारासारखा असेल तर आधी पाण्याच्या पाइपाचं दुसरं टोक शोधावं. पुष्कळ घरांत ते बाथरूमच्या नाहाणीत किंवा थेट ड्रेनेजच्या पाइपात घुसवलेलं असतं. मध्ये पाणी साठून राहणारा वळसा नसेल, तर ड्रेनेजची घाण हवा त्याच पाइपानं उलटी चढून खोलीत येते. इथे एसी कितीही धुतला तरी उपयोग नाही, टोक मोकळ्या जागी काढावं किंवा प्लंबरकडून ट्रॅप बसवून घ्यावा.

कुजल्यासारखा उग्र वास म्हणजे बहुधा आत पाल किंवा उंदीर मेलाय. आणि तंबाखू, धूप किंवा काल तळलेल्या बोंबलाचा वास येत असेल तर एसीला दोष देऊ नये. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. रोज थोडा वेळ खिडकी उघडी ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

घरी काय करता येईल?

एसीचा एमसीबी बंद करून पुढचं झाकण उघडावं. जाळीचे फिल्टर काढून नळाखाली मऊ ब्रशनं धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावेत. ओला फिल्टर बसवला तर केलेलं काम वाया. वापर रोजचा असेल तर हे दर पंधरा दिवसांनी करावं. मग टॉर्च घेऊन हवा बाहेर येते त्या फटीतून आत पाहावं. पिंपासारख्या गोल ब्लोअरवर काळे ठिपके किंवा केसाळ थर दिसला, तर वासाचा उगम बहुतेक तोच असतो आणि घरचा ब्रश तिथवर नीट पोहोचत नाही.

ब्लीच, फिनाईल किंवा टॉयलेट क्लीनर कॉइलवर मारण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. कॉइलच्या पातळ ॲल्युमिनियम पट्ट्या ब्लीचनं आणि ॲसिडनं खराब होतात. ब्लीच आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रूम फ्रेशनरचा फवाराही एसीच्या तोंडात मारू नये, हे फवारे बहुधा ज्वालाग्राही असतात आणि त्यातला चिकट अंश कॉइलवर बसून नवी धूळ धरतो.

सर्व्हिसवाल्याला काय विचारायचं?

'सर्व्हिस' या शब्दात नुसता फिल्टर धुऊन पुसून दिलेला एसीही येतो. वासासाठी पाण्याच्या प्रेशर पंपानं केलेली वेट किंवा जेट सर्व्हिस लागते. फोनवरच विचारावं: ब्लोअर धुणार का, ट्रे काढून साफ करणार का, पाइपात पाणी सोडून तपासणार का? सर्किट बोर्ड झाकून मग पाणी मारलं जातंय ना, एवढं उभं राहून पाहावं. खाली गोळा झालेलं काळं पाणी पाहिलं की आतापर्यंत श्वासात काय जात होतं ते कळतं. ट्रेमध्ये बुळबुळीत थर असेल तर पाइपाचा उतारही तपासून घ्यावा. मध्येच वर उचललेल्या पाइपात पाणी साचतंच.

परत येऊ नये म्हणून

धुतलेला एसी रोज ओलाच बंद केला तर बुरशी पुन्हा धरते. म्हणून बंद करण्याआधी १५ ते ३० मिनिटं फक्त फॅन मोडवर चालवावा, म्हणजे कॉइल वाळते. पावसाळ्यात तेवढा वेळ खोलीचं दार उघडं ठेवावं. अनेक नव्या मॉडेलमध्ये यासाठी 'ऑटो क्लीन' असतं, पण त्याच्या नावावर जाऊ नये. ते कॉइल वाळवण्याचंच काम करतं, साचलेला मळ धुऊन काढत नाही.

इथे एक गल्लत फार होते. रिमोटवरचा 'ड्राय' मोड एसी वाळवत नाही. त्यात कॉम्प्रेसर चालूच असतो, खोलीचा दमटपणा निघतो आणि कॉइल उलट ओली होते. वाळवायला 'फॅन'च हवा.

थंडीत एसी तीन-चार महिने बंद ठेवायचा असेल, तर एखाद्या कोरड्या दिवशी दोन तास फॅन मोड चालवून, धुतलेला फिल्टर बसवून मगच एमसीबी पाडावा. आणि कधीही जळक्या प्लास्टिकचा किंवा वायरचा वास आला, तर रिमोट शोधत बसू नये. थेट एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.